पाठदुखीची गादी

गादी घ्यायला आलेलं माणूस दुकानात शिरलं की सगळ्यात आधी गादीवर पंजा दाबून बघतं. मग मान हलवून बरोबरच्या माणसाला सांगतं, "छान मऊ आहे." सव्वीस वर्षं मी हे बघत आले. पंजाला गादी कळत नाही. गादी कळते खांद्याला आणि कमरेखालच्या हाडाला, तीही दहा मिनिटं एका कुशीवर पडून राहिल्यावर. पण भर बाजारात, येणारेजाणारे बघत असताना चपला काढून आडवं व्हायला आपल्याकडे कोणी तयार होत नाही. पुरुष पाठ टेकल्यासारखं करतात आणि लगेच उठतात. साडीतल्या बायका काठावर बसतात आणि पदर सावरत म्हणतात, "कळलं, कळलं."

आमचं दुकान अलिबागला, एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत. सासऱ्यांच्या काळात तिथे कापूस पिंजून गाद्या भरून दिल्या जायच्या. मी पोयनाडकडच्या एका भातशेतीवाल्या घरातून लग्न होऊन आले तेव्हा ते काम जवळजवळ संपलं होतं आणि कारखान्यातून तयार गाद्या यायला लागल्या होत्या. आमचे हे माल आणायला पनवेलला, मुंबईला जायचे. मागे दुकान उघडं ठेवायला कोणीतरी हवं, म्हणून मी बसायला लागले ती बसूनच राहिले.

बसायला लागल्यावर पहिलं काम मी केलं ते म्हणजे दुकानाच्या मागच्या भागाला पडदा लावला. आत दोन पलंग, त्यांवर नमुन्याच्या गाद्या, आणि एक पंखा. ह्यांनी विचारलं, हे दुकान आहे की दवाखाना? पण त्या पडद्याने आमचा धंदा फिरवला. बायका निवांत आत जायला लागल्या. मी बाहेरून गप्पा मारायचे आणि थोड्या वेळाने सांगायचे, आता दुसऱ्या कुशीवर व्हा. किहीमच्या बाजूला बंगला बांधणारे मुंबईचे एक वकील असेच आत गेले आणि गाढ झोपले. दीड तास. मी उठवलं नाही. त्यांच्या बाईसाहेब पडदे, दिवे, कुंड्या अशी सगळी खरेदी उरकून नवऱ्याला शोधत आल्या तेव्हा घोरण्यावरून त्यांना पत्ता लागला. त्यांनी त्याच प्रकारच्या आठ गाद्या घेतल्या आणि दुसरी एकही बघितली नाही.

गाद्यांच्या किमतीबद्दल लोकांना संशय असतो आणि तो बरोबर असतो. लेबलावर छापलेली किंमत इतकी फुगवलेली असते की निम्म्याने दिली तरी दुकानदाराला पुरेसं सुटतं, आणि गिऱ्हाईक मोठी बाजी मारल्यासारखं घरी जातं. मी ते बंद केलं. प्रत्येक गादीला माझ्या हाताने लिहिलेली एकच चिठ्ठी, तीच किंमत, सगळ्यांना. पहिले सहा महिने लोक उठून समोरच्या दुकानात गेले, कारण तिथे सूट होती. मग हळूहळू परत यायला लागले. जाडीचंही तसंच. आठ इंची गादी पाच इंचीपेक्षा चांगली, असं काही नसतं. खोळीची चेन उघडून आत बघावं. फोमचा चुरा आणि चिंध्या दाबून केलेली लादी आणि वर बोटभर मऊ थर, असा प्रकार आठ इंचांत सहज लपतो. चेनच नसेल तर ती गादी घेऊ नये, हे मी माझ्या भावालाही सांगितलं असतं.

आणखी एक गोष्ट आपल्या किनाऱ्यापुरती. समुद्र घराच्या अंगणातून दिसत असेल तर स्प्रिंगची गादी मी देत नाही. खारी हवा आत शिरते आणि तीन पावसाळ्यांत स्प्रिंगा गंजून कुरकुरायला लागतात. काथ्याच्या गादीला पावसाळ्यात बुरशी धरते. तिला ऊन दाखवायला जागा लागते. आता लोक फोनवरून मागवतात, खोक्यातून गुंडाळी येते, प्लास्टिक कापलं की ती फुगत जाते. त्यातल्या काही खरोखर चांगल्या असतात. पण घर समुद्रापासून किती लांब आहे हे त्यांच्याकडे कोणी विचारत नाही.

या सगळ्यांच्या वर माझा एक नियम होता. ज्याला झोपायचं आहे, तो माणूस दुकानात आला पाहिजे. मुलगा वडिलांसाठी घ्यायला आला तरी मी वडिलांना घेऊन या म्हणायचे. लोक वैतागायचे. एकाने विचारलं, गादी देताय की मुलगी? पण मी ऐकत नसे. हा नियम मी एकदा मोडला. दुकान आता माझी मुलगी चालवते आणि मी नुसती दुपारची येऊन बसते. कितीतरी गिऱ्हाइकं विसरले, पण तो प्रसंग विसरायला होत नाही, म्हणून तो लिहिते.

चांगुणाबाई थळच्या. अलिबागच्या बाजारात सकाळी मासळी घेऊन बसायच्या, माझी त्यांच्याशी ओळख तिथलीच. पन्नाशीच्या पुढच्या, ठसठशीत, आवाज असा की बाजाराच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाला भाव कळायचा. त्यांचे यजमान काशिनाथ भावाबरोबर स्वतःच्या होडीवर जायचे. त्यांना मी तोवर बघितलेलं नव्हतं.

दिवाळीचे दिवस होते. आमच्या धंद्यात दसरा ते दिवाळी हीच काय ती गर्दी. दुकानात उभं राहायला जागा नव्हती, पडद्याआड एक जोडपं, बाहेर दोन ताटकळलेली. चांगुणाबाई दुपारी रिकामी पाटी घेऊन आल्या आणि दारातूनच वर लावलेल्या बोर्डाकडे बोट दाखवलं. तो बोर्ड गादीच्या कंपनीने पाठवलेला होता. त्यावर पाठीचा कणा काढलेला आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'पाठदुखीला रामराम'. आमच्या ह्यांनी तो हौसेने लावला होता, आणि खोटं कशाला बोलू, त्या बोर्डाने गाद्या खपत होत्या.

"आमच्या मानसाची पाठ दुखतंय, वहिनी," त्या म्हणाल्या. "ती बोर्डावरची दे."

मी विचारलं, कधीपासून दुखते? त्या म्हणाल्या, दोन महिने झाले असतील; होडी ओढताना काहीतरी लचकलंय, मालीशवाला येऊन जातो. मी म्हटलं, त्यांना घेऊन या. तर म्हणाल्या, तो कसला येतोय, त्याला नुसतं विचारलं तरी काही झालं नाही म्हणतो. एवढ्यात पडद्याआडचं जोडपं बाहेर आलं, ह्यांनी कुठल्याशा गादीचा भाव विचारला, दारात टेम्पोवाला ओरडायला लागला. मी चांगुणाबाईंना ती गादी दिली. काथ्याचा टणक गाभा, वर पातळ फोम. खाली फळीचा पलंग आहे का, एवढं विचारलं. आहे म्हणाल्या. संध्याकाळी गादी थळला पोचलीसुद्धा.

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. गादी टणक लागते, तो पहाटे उठून बसतो, असं म्हणाल्या. त्यावर आमच्या धंद्यात एक ठरलेलं उत्तर असतं आणि ते मी दिलं: अंगाला सवय व्हायला वेळ लागतो, अजून पंधरा दिवस बघा. हे उत्तर खोटं नाही. मऊ गादीवरून टणक गादीवर आलेल्या माणसाला खरंच वेळ लागतो. पण काशिनाथ जन्मभर चटईवर झोपलेला माणूस. त्याला टणकपणाची कसली सवय व्हायची होती? हा विचार मला तेव्हा सुचला नाही. पुढे अनेकदा सुचला.

पंधरा दिवसांनी पुन्हा. आता मला वाईट वाटलं. मी आतून दोन इंचांची एक मऊ थराची गादी काढली, ती टणक गादीवर अंथरायला सांगितली, आणि पैसे घेतले नाहीत. चांगुणाबाई नको नको म्हणत होत्या, मी आग्रहाने दिली. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर खूश होते. ह्यांना सांगितलंही, असं सांभाळलं तरच गिऱ्हाईक टिकतं.

त्यानंतर त्या दुकानात आल्या नाहीत. बाजारात भेटल्या की मी विचारायचे, आता कसं आहे? त्या मासळी निवडता निवडता म्हणायच्या, "हाय, बरा हाय." मला वाटलं, लागू पडली. खरं काय होतं ते मला नंतर कळलं. काशिनाथ दोन्ही गाद्या सोडून खाली चटईवर झोपत होते, मग चटईवरही आडवं होता येईना, म्हणून भिंतीला टेकून बसून राहत होते. होडीवर जाणं बंद झालं होतं. पण मी एक गादी फुकट दिली होती, म्हणून मला तोंडावर सांगायला चांगुणाबाईंना संकोच वाटत होता. माझ्या चांगुलपणाने त्यांचं तोंड बंद केलं होतं.

शिमगा होऊन गेल्यावर एका दुपारी त्या दुकानात आल्या, नेहमीपेक्षा हळू आवाजात बोलायला लागल्या. तुझ्याकडची सगळ्यात भारी गादी कोणती, ती बघू, म्हणाल्या. थळला खताच्या कारखान्याच्या वसाहतीत कोणाकडे तरी त्यांनी रबराच्या झाडाच्या चिकाची, लेटेक्सची गादी बघितली होती. तसली आमच्याकडे एकच होती, पडद्याआडच्या पलंगावर. मी किंमत सांगितली. त्या म्हणाल्या, चालंल.

तेव्हा मी त्यांच्याशी पहिल्यांदा हट्टाला पेटले. म्हटलं, ही मी अशी देणार नाही, आधी त्यांना आणा. त्या चिडल्या. त्यांना वाटलं, एवढी महाग गादी कोळणीला परवडायची नाही, असं मी धरून चालले आहे. म्हणाल्या, पैसे हायत माझ्याकडं. मी म्हटलं, पैशांचं बोलतच नाही मी, माणसाचं बोलते आहे.

दुसऱ्या दिवशी त्या त्यांना रिक्षातून घेऊन आल्या.

काशिनाथ रिक्षातून उतरले ते आधी दोन्ही पाय बाहेर टेकवून, मग दांडी धरून, मग सबंध अंग एकदम उचलून. जणू पाठीला मधे सांधाच नव्हता. उंच माणूस, पण सदरा खांद्यावरून लोंबत होता. कधीतरी तो सदरा त्यांच्या अंगाला बसत असणार. मला नमस्कार केला, चपला दाराबाहेर नीट काढून ठेवल्या आणि पडद्याआड गेले. मी आणि चांगुणाबाई बाहेर थांबलो. थोड्या वेळाने मी सांगितलं, आता कुशीवर व्हा. आतून काही आवाज आला नाही. पुन्हा सांगितलं. मग ते म्हणाले, "हितंच बरा हाय."

मी विचारून आत गेले. ते उताणे, ताठ पडले होते. कपाळावर घाम होता आणि पंखा तर चालू होता. मी त्यांना आधार देऊन उठवलं, दुसऱ्या पलंगावर एक मऊ गादी होती तिच्यावर झोपवलं. मग एक मधली. तिन्ही झाल्यावर विचारलं, यातली कोणती बरी वाटली?

त्यांनी खरोखर विचार केला. उत्तर देताना मला वाईट वाटू नये म्हणून ते शब्द शोधत होते, असं वाटलं.

"सगल्या सारख्याच, बाय," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत मी ते उत्तर कोणाकडून ऐकलं नव्हतं. दुखऱ्या पाठीचा माणूस तर सगळ्यात चोखंदळ. त्याला अर्ध्या इंचाचा फरक कळतो. ही खुपते, ती खाली जाते, ती जरा बरी, असं काहीतरी तो बोलतोच. ज्याला टणक, मऊ, मधली सगळ्या सारख्याच दुखतात, त्याचं दुखणं गादीच्या हातातलं नाही, हे माझ्या त्या क्षणी लक्षात आलं. मी डॉक्टर नाही. मला फक्त गाद्या कळतात. पण गाद्या कळत होत्या म्हणूनच एवढं कळलं.

मी विचारलं, ताप येतो का? चांगुणाबाई बाहेरून म्हणाल्या, न्हाय. मी पुन्हा काशिनाथनाच विचारलं. तेव्हा ते हळूच म्हणाले, संध्याकाळी अंगात कणकण असते, पहाटे घामाने सदरा भिजतो, तो बदलून दोरीवर टाकतो आणि ही उठायच्या आत वाळतो. पाय कधीकधी जड होतात. चांगुणाबाई पडदा सारून आत आल्या. नवऱ्याकडे बघत राहिल्या.

कुठल्या डॉक्टरला दाखवलं का, तर नाही. मालीशवाला, नंतर हाड बसवणारा एकजण, आणि औषधांच्या दुकानातून दुखणं थांबायच्या गोळ्या. मी ह्यांना फोन करून दुकानात बोलावलं आणि त्याच रिक्षातून त्या दोघांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. चांगुणाबाई वाटेत एवढंच म्हणाल्या, गादी तरी घ्यायची की न्हाय? मी म्हटलं, आज काही घ्यायचं नाही.

पुढचे आठ-दहा दिवस तपासण्यांत गेले. पाठीचे फोटो झाले, मग मोठ्या यंत्रातला फोटो काढायला पनवेलला जावं लागलं, मग सुईने आतलं पाणी काढून तपासायला पाठवलं. निदान झालं मणक्याच्या क्षयाचं. मणक्यालाही क्षय होतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मी समजत होते की तो फुप्फुसांचाच आजार. एक मणका बराच खाल्ला गेला होता आणि तिथे साचलेला पू मज्जारज्जूला टेकायला आला होता. आणखी महिना-दीड महिना गेला असता तर पाय गेले असते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तरुण होत्या, आमच्या मुलीच्या वयाच्या. त्या रागावल्या नव्हत्या, फक्त कागदावर लिहून घेण्यासाठी विचारत होत्या. दुखायला लागून किती दिवस झाले? चांगुणाबाई म्हणाल्या, सात महिने. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतके महिने तुम्ही काय करत होतात?

"आमी गाद्या बदलीत व्हतो," चांगुणाबाई म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. टोमणा नव्हता तो. विचारलं ते त्यांनी सांगितलं. मी शेजारी उभी होते, माझ्या हातात त्यांच्या फोटोंचं पाकीट होतं. त्या वाक्यासारखं दुसरं कोणतंही वाक्य मला आयुष्यात लागलेलं नाही.

औषधं दीड वर्ष चालली. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळत. पहिले काही महिने त्यांनी सपाट पडून राहायचं आणि उठताना पाठीला पट्टा बांधायचा, असं होतं. गोळ्यांनी तोंडाची चव गेली, खोबऱ्याचं कालवणसुद्धा नको वाटायचं, चांगुणाबाई दोन घासांसाठी त्यांच्याशी भांडत बसायच्या. मी पंधरवड्यातून एकदा थळला जात असे. पहिल्या खेपेला मी ती टणक गादी परत घेऊन पैसे द्यायचं म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. आता डॉक्टरीणच सपाट झोपायला सांगतेय, तर राहू दे म्हणाल्या. गंमत अशी की त्या महिन्यांत तीच गादी योग्य होती. पण म्हणून मी ती योग्य विचाराने दिली होती, असं होत नाही.

दवाखान्यातून निदान ऐकून आले त्याच आठवड्यात मी दुकानावरचा तो बोर्ड काढला. ह्यांना पटलं नाही. म्हणाले, एकाचं असं झालं म्हणून सगळ्यांची पाठ थोडीच तशी असते? त्यांचंही खोटं नव्हतं. बहुतेकांची पाठ वाकून काम करण्याने, वजनाने, नाहीतर खड्डा पडलेल्या जुन्या गादीनेच दुखते, आणि नवी गादी घेतली की त्यांना बरं वाटतं. पण मला ते कणा काढलेलं चित्र बघवत नव्हतं. कंपनीचा माणूस येऊन दोनदा विचारून गेला. बोर्डाची जागा भिंतीवर अजून तशीच फिकट दिसते.

तेव्हापासून पाठ दुखते म्हणून कोणी आलं की मी आधी विचारते. किती दिवस? आडवं झालं की कमी होतं की वाढतं? ताप, घाम, वजन? डॉक्टरांकडे गेलात का? काही जण उत्तर देतात. काही जण ही बाई जरा जास्तच बोलते, अशा नजरेने बघतात आणि समोर जातात. मुलगी म्हणते, आई, आपण गादी विकतो की नाडी बघतो? पण मी दुकानात नसते तेव्हा तीही हेच प्रश्न विचारते. मी बाहेरून येताना दोनदा ऐकलं आहे. आतापर्यंत मी पाचसहा जणांना गादी न देता डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांतल्या कोणाचंच काही गंभीर निघालं नाही. एकजण तर येऊन बोलून गेला की तुमच्यामुळे तपासण्यांचा भुर्दंड पडला. मी ऐकून घेतलं.

काशिनाथ बरे झाले. पाय वाचले. पाठीत मधोमध एक उंचवटा राहिला आणि चालताना ते थोडे पुढे झुकतात. होडीवर जाणं मात्र संपलं. भाऊ आता दुसऱ्या माणसाला घेऊन जातो, आणि हे किनाऱ्यावर बसून जाळी शिवून देतात. थळच्याच नव्हे, पलीकडच्या गावांतलीही जाळी त्यांच्याकडे येतात. समुद्राची आठवण येते का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, समोरच तर हाय. त्या उत्तराने माझं समाधान झालं नाही, त्यांचंही झालेलं नसावं.

गोळ्या संपल्यावर वर्षभराने ती दोघं दुकानात आली. सकाळची वेळ होती, गिऱ्हाईक कोणी नव्हतं, मुलगी बँकेत गेली होती. टणक गादी धाकट्या लेकीला तिच्या नव्या घरी दिली, आता यांच्यासाठी दुसरी बघायची आहे, असं चांगुणाबाईंनी सांगितलं. मी चहा मागवला. तो येईपर्यंत मी, जे कितीतरी दिवस मनात होतं, ते बोलले. म्हटलं, चांगुणाबाई, त्या दिवाळीत मी त्यांना बघितल्याशिवाय गादी द्यायला नको होती. तुमचे पाच महिने माझ्यामुळे गेले.

त्यांनी लगेच नाही नाही म्हटलं नाही. विचार केला. मग म्हणाल्या, "तू इकलीस, मी घेतली. आपण दोघी बायका बोलत बसलो. त्याला कुनी इचारलंच न्हाय."

काशिनाथ ऐकत होते. ते उठले आणि आपणहून आत जाऊन आडवे झाले. मी आणि चांगुणाबाई बाहेर चहा पीत बसलो. आत कुशी बदलल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पलंग बदलल्याचा. मी काही सांगितलं नाही. अर्धा तास गेला असेल. मधेच चांगुणाबाई उठून बघायला निघाल्या, मी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

ते बाहेर आले आणि कोपऱ्यातल्या कापसाच्या गादीवर जाऊन बसले. ती सासऱ्यांच्या वेळच्या पद्धतीने भरलेली, चार इंची, टाके घातलेली गादी. तसल्या आम्ही अजून दोनतीन ठेवतो, घरी पाहुण्यांसाठी लोक नेतात. दुकानातला सगळ्यात स्वस्त माल. ते तिच्यावर डाव्या कुशीवर झाले, मग उजव्या. मग डोळे मिटून थोडा वेळ तसेच पडून राहिले.

"ही," ते म्हणाले.

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. कापूस सहा महिन्यांत बसतो, गाठी धरतो, थळच्या दमट हवेत तिला आठवड्याला ऊन द्यावं लागेल, तुमच्या पाठीला सारखा आधार हवा, आत ती मधली आहे ना ती बघा. चांगुणाबाईंनी तर तोंड उघडलंही होतं, "एवढे पैसे आनलेत मी, नि ही?"

काशिनाथ उठून बसले. पट्टा बांधलेला नव्हता तरी ते कुणाचा हात न धरता बसले. त्यांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघितलं, आणि जाळ्यात अडकलेली गाठ सोडवावी तशा सबुरीने म्हणाले, "हिच्यावर वलता येतंय मना. दोन वर्सं उताना पडलो व्हतो. आता कुशीवर झोपनार."

चांगुणाबाई खाली बसल्या. मी सुतळीचा गुंडा घेतला आणि गादी बांधायला लागले.